बंद पडलेली गाडी आणि चालू असलेले हप्ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांची डिझेल हॅचबॅक, पावणेदोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, कर्जावर. कात्रजचा जुना घाट चढताना गरम झाली आणि बंद पडली. सध्या पुण्यात धनकवडीच्या एका गॅरेजमध्ये उभी आहे. मेकॅनिकने ‘फुल इंजिन करावं लागेल’ म्हणून ९५ हजारांचा आकडा सांगितलाय. कर्जाचे ९,४०० रुपयांचे २७ हप्ते बाकी आहेत, व्याज १५ टक्के. दुरुस्त करावी, आहे तशी विकावी, फायनान्सवाल्याच्या दारात लावून मोकळं व्हावं, की गाडीच चालत नाही तर हप्ते कशाला भरायचे?

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला वेळ कमी आहे. हप्ते थांबवू नका. कर्ज गाडीने घेतलेलं नाही, तुम्ही घेतलंय. गाडी फक्त तारण आहे. हप्ता परतला की तुमची बँक वेगळा दंड लावते आणि कर्ज देणारा वेगळा. खात्यावरून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते, चेक न वटण्यासारखीच. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जातं. पण सिबिलवर डाग पडायला तेवढेही दिवस लागत नाहीत, कारण किती दिवस उशीर झाला ते अहवालात दिसतंच. या महिन्यात दुरुस्ती आणि हप्ता दोन्ही झेपत नसेल तर दुरुस्ती थांबवा. गॅरेजमध्ये आणखी तीन आठवडे उभी राहिल्याने डिझेल गाडीचं काही बिघडत नाही. फक्त बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. आणि इंजिनात पाणी गेल्याचा संशय असेल तर तेवढी तपासणी मात्र लगेच उरकून घ्या, कारण सिलिंडरच्या भिंतींना गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

आता गाडीकडे. ‘फुल इंजिन’ हे कामाचं नाव झालं, काय बिघडलंय ते त्यात कुठेच नाही. हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, न खोलता कोणी हा आकडा सांगत असेल तर तो अंदाज आहे, आणि असा अंदाज गॅरेजवाला स्वतःच्या सोयीच्या बाजूनेच धरतो. त्याला चोर समजण्याचं कारण नाही. कमी सांगून नंतर वाढवलं की गिऱ्हाईक भांडतं, म्हणून तो आधीच वरचा आकडा सांगून ठेवतो. तुम्ही त्याला सांगायचं ते इतकंच: आधी तपासणीचे पैसे वेगळे घ्या, काय सापडलं ते फोटोसकट दाखवा, मग कामाचं बोलू.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. पहिलं, गरम का झाली? पाण्याचा होज फुटला, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली, वॉटर पंप गळतोय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, की फॅनची रिले गेली? मूळ कारण न सापडता इंजिन बांधलं तर नवीन गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) त्याच घाटात पुन्हा जळतं. इथे बऱ्याच जणांची एक फसगत होते. होज फुटून सगळं पाणी गेलं की तापमानाचा काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो, कारण सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो आणि त्याच्याभोवती पाणीच उरलेलं नसतं. ‘काटा नॉर्मलच होता हो’ म्हणणारा चालक खोटं बोलत नसतो. त्यामुळे गाडी त्या अवस्थेत किती किलोमीटर चालली, हे मेकॅनिकला खरं सांगा. अर्धा किलोमीटर आणि पाच किलोमीटर यांत गॅस्केट आणि अख्खं इंजिन एवढा फरक असतो.

दुसरं, डिपस्टिक. तेल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर पाणी तेलात उतरलंय. फक्त तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसणं पुरेसं नाही. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटर चालणाऱ्या चांगल्या गाडीतही बाष्पामुळे ती जमते. निर्णय डिपस्टिकवरून करायचा.

तिसरं, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. मोकळं फिरलं तर जाम नाही, ही मोठी चांगली बातमी. मध्येच टणकन अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी असेल किंवा टायमिंग सुटलं असेल. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चौथं, कॉम्प्रेशन. डिझेलमध्ये ग्लो प्लग काढून त्या जागी गेज लावतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्यायचे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, हे महत्त्वाचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय, असं जवळपास धरून चाला. पेट्रोल गाडीत कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात, रिंगा गेल्यात की व्हॉल्व ते कळतं. डिझेलमध्ये तो प्रयोग करू देऊ नका. पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी असते की तेलानेच आकडा फुगतो.

मग हेड उतरवायचं. ॲल्युमिनियमचं हेड गरम होऊन वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवतात. बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरायचा. वाकलं असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग होतं, म्हणजे ते घासून सपाट करतात, आणि त्याआधी प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. व्हॉल्वच्या सीटांमध्ये चीर असेल तर फेसिंगचे पैसे पाण्यात. डिझेलमध्ये आणखी एक गोम आहे. हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं आणि जाडी कडेच्या खाचांवरून किंवा छिद्रांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरते. दुकानदाराने हाताला लागलं ते दिलं आणि फिटरने बसवलं, तर एकतर कॉम्प्रेशन कमी किंवा पिस्टन व्हॉल्वला लागणार. काही डिझेल हेडना तर कंपनीने फेसिंगची परवानगीच दिलेली नसते. तिथे हेडच बदलावं लागतं.

हेड उतरलेलं असतानाच बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, बघा, स्वतः जाऊन बघा. भिंतीवर कारखान्यात घासून केलेल्या (होनिंगच्या) तिरक्या रेषांची जाळी शाबूत असेल आणि उभ्या ओरखड्यांत नख अडकत नसेल, तर खालच्या इंजिनाला हात लावायचं कारण बहुधा नाही. खात्रीसाठी सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून तळाशी धातूची चकाकी आहे का पाहायची आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं एखाद-दुसरं बेअरिंग (बिग एंड) काढून बघायचं. तेही स्वच्छ असलं तर काम हेड, गॅस्केट, टायमिंग किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज इतकंच उरतं, आणि ९५ हजारांचा आकडा बऱ्याचदा निम्म्याच्याही खाली येतो. ओरखडे खोल असले तर मात्र मेकॅनिकचं पहिलं म्हणणं बरोबर होतं, आणि मग ९५ हजारांत काय काय धरलंय ते विचारायची वेळ येते.

एस्टिमेट चार भागांत मागा: सुटे भाग नावानिशी, मशीन शॉपचं काम, मजुरी, आणि तेल-कूलंट. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कागदावर अजून २८ दिसत असेल तर एस्टिमेट जुन्या साच्यातून काढलंय. नाना पेठेत तोच भाग कंपनीच्या खोक्यात, नावाजलेल्या सुट्या भागांच्या ब्रँडमध्ये आणि ‘लोकल’ अशा तीन भावांत मिळतो. हेड गॅस्केट, हेड बोल्ट, टायमिंग किट आणि थर्मोस्टॅट यांत कंजुषी नको. ताणून घट्ट करायचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनेच पुन्हा बसवले तर दोन-चार महिन्यांत पुन्हा पाणी कमी व्हायला लागतं आणि कोणालाच कळत नाही का ते. कूलंट तयार मिश्रण तरी घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं करा. बोअरवेलचं पाणी नको. भरल्यावर हवा काढणं हा वेगळा टप्पा आहे, तो राहिला की नव्या इंजिनातही गरम जागा तयार होतात. तेलात पाणी गेलं होतं तर पहिलं तेल स्वस्तातलं घालून थोडा वेळ चालवून काढून टाकायचं, मग फिल्टरसकट चांगलं तेल. जुने भाग परत मागा, निदान बघायला.

‘भंगारातून पूर्ण इंजिन टाकून देतो, पन्नासात काम’ असा एक प्रस्ताव हमखास येतो. इंजिन नंबर आरसीवर असतो. तो बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, गाडी तारण असल्यामुळे फायनान्सरचं लेखी संमतिपत्र लागतं, आणि त्या इंजिनाचा स्रोत दाखवणारं बिल लागतं. हे न करता बसवलेलं इंजिन पुढे विक्रीला आणि विम्याच्या दाव्याला, दोन्हीकडे आडवं येतं.

विम्यातून काही मिळेल का? आपोआप झालेला यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या विम्यात बसत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह असला तरी. पण एक प्रश्न स्वतःला विचारा: खालून काही लागलं होतं का? दगडाने सम्प किंवा रेडिएटर फुटला असेल तर तो अपघात आहे आणि तेवढा भाग विम्यात येतो. मात्र त्यानंतर गाडी तशीच चालवून इंजिन जाम केलं, तर विमा कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि इंजिनाचे पैसे नाकारते. इंजिन प्रोटेक्ट नावाची जोड घेतली असेल तर पाणी शिरून किंवा तेल गळून झालेलं इंजिनाचं नुकसान तिच्या अटींनुसार मिळू शकतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत खडकवासल्याचं पाणी शिरलं, तशा प्रसंगात हीच जोड उपयोगी पडते. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, टोच्याने हलवायची. एवढं पाळलं नाही तर जोड असूनही वाद होतो. तुमच्या प्रसंगात बहुधा रोडसाइड असिस्टन्सचा टोइंगचा खर्च एवढाच दावा बसेल. पॉलिसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तो आहे का बघा.

आता पैशांचा हिशोब. लोक इथे चुकीची जोडी लावतात: ‘गाडीवर सव्वादोन लाख कर्ज आहे, आणि वर लाखभर घालायचे?’ या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. कर्ज गाडी दुरुस्त केली तरी तेवढंच, नाही केली तरी तेवढंच. दुरुस्तीचा खर्च ताडून पाहायचा तो दुरुस्तीने गाडीची किंमत किती वाढते याच्याशी.

तुमच्या आकड्यांवर बघू. ९,४०० चे २७ हप्ते म्हणजे २,५३,८०० रुपये, पण त्यात पुढचं व्याज आहे. १५ टक्के दराने आजचं मुद्दल सुमारे २,१४,३०० निघतं. मुदतीआधी बंद करायचं शुल्क करारात ४ टक्के असेल तर ८,५७२ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,११५. एकूण साधारण २,२४,४००, शिवाय चालू महिन्याचं दिवसांवरचं व्याज. गाडीचं कर्ज बहुतेक वेळा स्थिर व्याजाचं असतं, त्यामुळे हे शुल्क लागतं. करारात टक्का किती आहे तो बघा आणि फायनान्सरकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे आज कर्ज बंद करायला एकूण किती लागतील त्याचा कागद, लेखी मागवा. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका.

चालू अवस्थेत या गाडीला ३,१०,००० आणि बंद अवस्थेत १,६०,००० मिळतात असं धरलं (हे दोन्ही भाव तुम्ही तीन-चार ठिकाणी विचारून नक्की करायचे), तर दुरुस्तीने किंमत दीड लाखाने वाढते. म्हणजे ९५ हजार घालून विकली तरी कर्ज फेडून खिशातून नऊ-साडेनऊ हजारच जातात. आहे तशी विकली तर ६४ हजार जातात. ठेवून चालवायची असेल तर प्रश्नच नाही, दुरुस्त करा. एस्टिमेट दीड लाखाच्या जवळ सरकायला लागलं की चित्र उलटतं, आणि खोललेल्या इंजिनात काहीतरी नवीन निघतंच. त्यामुळे गॅरेजला लेखी वरची मर्यादा द्या, म्हणा १,१५,०००: त्यापुढे विचारल्याशिवाय पाना लावायचा नाही.

दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? बंद गाडीवर टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव रक्कम, कोणी देत नाही. वैयक्तिक कर्जाआधी मुदत ठेवीवरचं कर्ज बघा, मग सोनं, मग पतसंस्था, याच क्रमाने. क्रेडिट कार्डावर ९५ हजार उचलून किमान रक्कम भरत राहणं हा यातला सर्वांत महाग मार्ग. फायनान्सरला मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे थकबाकी होण्याआधी ईमेलने विचारा. थकल्यानंतर तोच अर्ज वेगळ्या टेबलावर जातो.

आहे तशी विकायची ठरली तर आधी कर्ज, मग कागद, मग गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मुळे फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय आरटीओत नाव बदलतच नाही. घेणाऱ्याने पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, फायनान्सरकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्यायचा, आरसीवरचा बोजा (फायनान्सरची नोंद) उतरवायचा, आणि फॉर्म २९-३० ने नाव बदलायचं. मंगळवार पेठेतला कोणी ‘कागद नंतर बघू, रोख घ्या’ म्हणाला तर नाही म्हणा. तारण गाडी परस्पर विकणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. शिवाय नावावर राहिलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात हे स्पष्ट केलंय. अधिकृत स्क्रॅप केंद्रातही बोजा असलेली गाडी घेत नाहीत.

गाडी फायनान्सरला परत देणं हा शेवटचा पर्याय, आणि ‘परत दिली की सुटलो’ हा गैरसमज. ते लिलाव करतात. बंद गाडीला लिलावात बाजारापेक्षाही कमी मिळतं, त्यातून यार्डाचं भाडं आणि खर्च वजा होतो, आणि उरलेली तूट तुमच्याकडूनच मागतात. देताच असाल तर सरेंडरचं पत्र, किलोमीटर, स्टेपनी, बॅटरी, म्युझिक सिस्टिम यांची यादी सहीने घ्या, चारही बाजूंचे फोटो काढा, फास्टॅग बंद करा, आणि लिलावाआधी लेखी सूचना मागा. तडजोड करून रक्कम कमी झाली तर सिबिलवर ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढचं गृहकर्ज तिथे अडतं.

वसुलीवाले आलेच तर त्यांना सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि गुंड पाठवून गाडी ओढून नेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच प्रकाश कौर प्रकरणात सांगितलंय. तक्रार आधी फायनान्सरकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट.

गॅरेजबद्दल एक राहिलं. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे, करार कायद्याचं कलम १७०. म्हणून ‘आधी खोला, मग बघू’ असं तोंडी सांगू नका. तपासणीचा आकडा ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि न परवडल्यास जोडून परत देण्याचे किती, तेही विचारा. खोललेली गाडी तिथून उचलणं अवघड आणि विकणं त्याहून अवघड. तिथून काढून रस्त्यावर लावायचा विचार असेल तर तोही सोडा. सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस सोडलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली उचलता येते, आणि महापालिकाही बेवारस वाहनं नोटीस लावून उचलते. सोसायटीचं पार्किंग बरं.

या सगळ्या काळात विमा संपू देऊ नका. ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, जातो, आणि बंद गाडीची तपासणी करून विमा घेताना कंपन्या नखरे करतात.

कर्ज फिटल्यावर एनओसी कपाटात ठेवून लोक विसरतात. तिच्यावर बहुधा ९० दिवसांची मुदत छापलेली असते. मुदतीतच परिवहनच्या पोर्टलवर अर्ज टाका. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं कार्यालय, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. महिनाभराने पोर्टलवर नंबर टाकून फायनान्सरचं नाव खरंच गेलंय का बघा, आणि विमा कंपनीला सांगून पॉलिसीवरचंही काढून घ्या.